वहिनींनी न विचारलेला प्रश्न

‘गोळी कधी सुटणार?’ हा प्रश्न मला आईनं विचारला, दादानं विचारला, निमगावच्या पाहुण्यांनी विचारला, लग्नाच्या बोलणीत मुलीच्या मामांनी विचारला. गावात ज्याला कळलं त्यानं कधी ना कधी तो विचारलाच. त्यात कुणाचा हेतू वाईट नव्हता. वहिनींनी मात्र तो आजवर विचारलेला नाही. माझ्यावर पुष्कळांचं ऋण आहे. पण मी जिवंत कसा राहिलो याचा विचार करायला बसलो की सगळ्यात आधी वहिनींचं हे न विचारणंच समोर येतं.

आमचं गाव पिंपळी. बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की काटेवाडीच्या अलीकडे येतं. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम उरकून आमच्याच दारावरून काटेवाडीला मेंढ्यांच्या रिंगणाला जाते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, दोन गाई, शेत बघणारा थोरला भाऊ आणि आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झालेला धाकटा मी. मला शेतात गोडी नव्हती. ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो, पुढे ड्रायव्हर झालो. वाशीच्या मार्केटला द्राक्षं, डाळिंबं, भाजी न्यायची आणि परतीला मिळेल तो माल भरायचा. नव्वदचं दशक संपत आलं होतं. रात्र-रात्र जागून पाठ अशी धरायची की खाली उतरताना दोन माणसं लागायची. त्यावर एका सोबत्यानं उपाय सांगितला. पन्नीवर चिमूटभर पूड, पन्नीखाली पेटती काडी आणि वर निघणारा धूर नळीनं ओढायचा. पहिल्या वेळी उलटी झाली. दुसऱ्या वेळी पाठ दुखायची थांबली. काही महिन्यांनी पाठीचा संबंधच उरला नाही. नुसतं उठून उभं राहण्यासाठी पुडी लागायला लागली. आणखी काही वर्षांनी धूर पुरेना, मग सुई आली.

ती पूड म्हणजे गर्द, आणि तो मुंबईत माझ्या बराच आधी पोचला होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून ही भेसळीची ब्राऊन शुगर गल्लीबोळांत स्वस्तात मिळायला लागली होती. १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा झाला. त्याच सुमारास अनिल अवचटांनी गर्दुल्ल्यांमध्ये हिंडून, त्यांच्या घरी बसून गर्दवर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. सुनंदा अवचटांनी त्यातून २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. मी मुक्तांगणमध्ये कधी राहिलो नाही. तरी त्यांचं ऋण माझ्यावर आहे, आणि ते आहे दादामुळे. दादा वाचणारा माणूस. तालुक्याच्या वाचनालयातून आणलेलं अवचटांचं पुस्तक त्यानं माझं व्यसन उघड होण्याच्या कितीतरी आधी वाचलेलं होतं. त्यामुळे मी घरातलं तांब्याचं घंगाळ विकलं, आईच्या पाटल्या नेल्या, तेव्हाही दादानं गावात मला चोर म्हणू दिलं नाही. ‘आजारी आहे तो,’ एवढंच सांगायचा. आमच्या भागात तेव्हा हे वाक्य कुणी बोलत नव्हतं. सुनंदाताई १९९७ मध्ये गेल्या, मी त्यांना पाहिलंही नाही. पण मराठी घरांना ‘हा आजार आहे’ असं बोलायला ज्यांनी शिकवलं, त्यांच्यात त्या होत्या, आणि आमचं घर त्यांतलंच एक.

सुईवर असलेल्या माणसाचा दिवस कसा जातो हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना टर्की म्हणजे काय ते सांगायला हवं. सहा-आठ तास पुडी मिळाली नाही की आधी जांभया येतात. मग नाका-डोळ्यांतून पाणी, शिंका, अंगावर काटा. मग पोटात पिळवटून येतं, जुलाब लागतात, आणि पायांत अशा कळा येतात की पाय भिंतीवर आपटावेत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सगळ्यात जास्त असतं, आठवड्याभरात ओसरत जातं. टर्कीनं माणूस सहसा मरत नाही. तो मरतो टर्की ओसरल्यावर. हे मी ऐकून सांगत नाही, पाहिलेलं सांगतो.

दादानं उसाच्या बिलातून पैसे भरून मला जिल्ह्याबाहेरच्या एका खासगी केंद्रात ठेवलं. त्याला तिथली माहिती चांगली मिळाली होती. आत औषध असं काही नव्हतंच. दार बाहेरून बंद, खिडकीला जाळी, ओरडणाऱ्याला मार. टर्की अंगावर काढायची, हाच उपचार. माझ्या शेजारच्या गादीवर सोलापूरकडचा एक पोरगा होता. पायांत कळा यायच्या तेव्हा आम्ही एकमेकांचे पाय दाबून द्यायचो. आम्ही एकाच आठवड्यात सुटलो. अंगात गर्दचा कणही नव्हता, दोघांनी वजन कमावलं होतं, घरच्यांनी पेढे वाटले. थोड्याच दिवसांत तो एका एसटी स्टँडच्या मुतारीत मेलेला सापडला. सुई हातातच होती. त्याच्या आईनं मला फोन केला. ‘तो तर सुटला होता ना रे?’ एवढं एकच ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

त्या माऊलीला मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. आज देता येतं. रोज गर्द घेणाऱ्याच्या शरीराला मोठा डोस पचवायची सवय झालेली असते. काही आठवडे बंद ठेवलं की ती सवय उतरते, पण ओढ तशीच राहते. माणूस एखाद्या वाईट दिवशी पूर्वीएवढाच डोस घेतो, आणि मेंदूतलं श्वास चालवणारं केंद्रच थांबतं. नुसतं बंद ठेवून, औषधाच्या आधाराशिवाय बाहेर सोडलेल्या माणसाला पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात. पेढे वाटायच्या त्या दिवसांतच घरच्यांनी सगळ्यात जास्त जपायला हवं, हे आमच्या दोघांच्या घरच्यांना कुणीही सांगितलं नव्हतं.

मीही परत सुईवर गेलो. मेलो नाही इतकंच. आता ट्रक नव्हता, घर नव्हतं. जे.जे. रुग्णालयाच्या आसपासच्या फुटपाथवर राहायचो. (हे रुग्णालय ज्यांच्या देणगीतून १८४५ मध्ये उभं राहिलं, त्या सर जमशेटजी जीजीभाईंच्या संपत्तीचा मोठा भाग चीनला अफू पाठवण्याच्या व्यापारातून आला होता. हे मला फार पुढे वाचायला मिळालं. एकाच शहराला अफूनं काय दिलं आणि तिच्यापायी काय गेलं, याचा विचार तेव्हापासून मनातून जात नाही.) दंडावर गळू झालं होतं. रस्त्यावर काम करणारा एक कार्यकर्ता यायचा. वापरलेल्या सुया घ्यायचा, नव्या द्यायचा, जखम धुऊन पट्टी बांधायचा. एके काळी तोही सुई मारायचा. ‘सोड’ असं त्यानं मला कधी म्हटलं नाही. माझं गळू बरं झालं त्या दिवशी म्हणाला, ‘सरकारनं गोळी चालू केलीये. फुकट आहे. बघतो का घेऊन?’

साल २००८-०९ असेल. सुईतून एचआयव्ही पसरतो म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेनं, म्हणजे नॅकोनं, त्याच्या थोडंच आधी हे उपचार आपल्या कार्यक्रमात घेतले होते. केंद्र मुंबई सेंट्रलच्या बाजूला होतं. डॉक्टरांनी तपासलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, शेवटची सुई कधी? मी सकाळी म्हटलं. ते म्हणाले, मग आज गोळी देता येणार नाही. उद्या चांगली टर्की लागली की या.

मला वाटलं, हाकलून देतायत. ते तसं का म्हणाले ते नंतर कळलं. ब्युप्रेनॉर्फिन ही गोळी मेंदूतल्या त्याच जागांवर जाऊन बसते जिथे गर्द बसतो, आणि गर्दपेक्षा घट्ट बसते. अंगात गर्द असतानाच ती दिली तर ती गर्दला एका झटक्यात ढकलून देते, आणि तास-दीड तासात येणारी टर्की नेहमीपेक्षा भयंकर असते. असं झालेला माणूस परत केंद्राचं तोंड बघत नाही. म्हणून बारा ते चोवीस तास थांबायचं.

थांबायचं तर रात्र काढायची. तो कार्यकर्ता त्या रात्री घरी गेला नाही. रात्रनिवाऱ्यात माझ्या शेजारी भिंतीला पाठ लावून बसला. मध्यरात्रीनंतर मी दोनदा उठून निघालो. त्यानं अडवलं नाही, सोबत चालायला लागला. कोपऱ्यापर्यंत गेलो की म्हणायचा, ‘चल, चहा घेऊ, मग जा.’ चहा होईपर्यंत पुडीवाल्याची वेळ टळायची. पहाटे मी त्याच्या शर्टावर ओकलो. त्यानं शर्ट काढून नळाखाली धुतला आणि तसाच ओला घातला. त्याला स्वतःला दोन लहान मुलं होती, घरी बायको वाट बघत होती, आणि त्या रात्रीचा त्याला पगार नव्हता. काही वर्षांनी तो क्षयानं गेला. मी त्याला काहीही परत देऊ शकलो नाही. माझ्या मुलाला झोपवताना आजही कधी कधी मी त्याचं नाव घेतो. घरात हे फक्त बायकोला माहीत आहे.

सकाळी सिस्टरनी गोळी कुटून तिची भुकटी माझ्या जिभेखाली ठेवली. बोलायचं नाही, गिळायचं नाही, पाणी प्यायचं नाही. त्या समोर उभ्या राहून विरघळेपर्यंत बघत होत्या. कडू, आंबूस चव. तासाभरानं अंगावरचा काटा बसला. पाय स्वस्थ झाले. मी नशेची वाट बघत होतो. ती आली नाही, भूक आली. बाहेरच्या गाडीवर उसळ-पाव खाल्ला आणि खाताना लक्षात आलं की पुढची पुडी कुठून आणायची, हा विचार डोक्यात नाही. गेल्या कित्येक वर्षांत जागेपणीचा असा एकही तास मला मिळाला नव्हता.

डॉक्टरांनी घरच्यांना बोलवायला सांगितलं. दादा आणि वहिनी रात्रीच्या एसटीनं आले. वहिनी निमगाव केतकीच्या, पानमळ्यातल्या. सातवीपर्यंत शिकलेल्या. मुंबई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. डॉक्टर समजावत होते. गर्द अंगात गेला की एकदम चढतो आणि काही तासांत उतरतो, म्हणून माणूस दिवसभर चढ-उतारात अडकतो. ही गोळी हळू चढते, दिवसभर सारखी राहते, आणि एका मर्यादेपुढे डोस वाढवला तरी परिणाम वाढत नाही, त्यामुळे श्वास थांबण्याचा धोका पुष्कळ कमी. दादानं त्या साली उसाला ठिबक केलं होतं. तो म्हणाला, ‘म्हंजी मोकाट पाणी बंद करून ठिबक लावायचं.’ डॉक्टर म्हणाले, बरोबर. पुढे त्यांनी हे दुसऱ्या घरच्यांनाही सांगितलं असं ऐकलं.

वहिनींनी तीन प्रश्न विचारले. ‘ह्ये जेवतील का नीट? झोप लागंल का? सुई टोचायचं थांबंल का?’ डॉक्टर म्हणाले, जेवतील, झोपतील, सुई बहुतेक थांबेल. थांबली नाही तर डोस बघू. वहिनी म्हणाल्या, ‘मग घिऊ द्या.’ आणि पिशवीतून दशम्या काढून माझ्यापुढे ठेवल्या.

‘एक व्यसन सोडून दुसरं धरलं’ हे मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की त्यावर थोडं सविस्तर बोलायला हवं. गोळी एकदम बंद केली तर मला टर्की येईल, हे खरं आहे. शरीराला तिची सवय आहे. पण व्यसन म्हणजे केवळ शरीराची सवय नव्हे. व्यसनात मी आईच्या पाटल्या विकल्या, सोबत्याच्या खिशातले पैसे काढले, लहान पुतणीच्या आजारपणाचं खोटं सांगून दादाकडून मनीऑर्डर मागवली. दिवसाचा तास न् तास पुडीच्या मागे गेला. गोळी सकाळी पाच-दहा मिनिटं जिभेखाली असते, मग मी ट्रॅक्टरचं इंजिन उघडून बसतो आणि संध्याकाळपर्यंत तिची आठवणही होत नाही. या दोन गोष्टींना एकच म्हणणाऱ्यानं त्या दोन्ही जगून पाहिलेल्या नसतात. जगभरचे अभ्यास हेच दाखवतात की या औषधांवर असताना माणूस मरण्याचा धोका निम्म्याहून खाली येतो. फ्रान्सनं १९९५-९६ पासून साध्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन द्यायची मुभा दिली, आणि चारेक वर्षांत तिथले ओव्हरडोसचे मृत्यू जवळपास चार-पंचमांशानं कमी झाले. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये ब्युप्रेनॉर्फिन आणि त्याच उपचारातलं मेथाडोन या दोन्ही औषधांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. सोलापूरकडच्या त्या पोराला ही गोळी मिळाली असती तर तो आज कदाचित माझ्याएवढाच पांढऱ्या केसांचा असता. तेव्हा यात मला मतभेदाला जागा दिसत नाही.

मुक्तांगणसारख्या ठिकाणची वाट मुख्यतः औषधाचा टप्पा संपवून गटाच्या आधारानं व्यसनाबाहेर राहण्याची. त्या वाटेनं गेलेले आणि उत्तम जगणारे लोक मला माहीत आहेत. माझी वाट गोळीची. दोन्ही वाटांवरची माणसं एकमेकांना कमी लेखतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे देशात अफूवर्गीय पदार्थ घेणारे २ कोटी २६ लाख लोक आहेत, आणि त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे. एवढ्यांना पुरेल इतकी कुठलीच वाट अजून रुंद झालेली नाही.

मी वाचलं आहे की ब्युप्रेनॉर्फिन १९६६ मध्ये इंग्लंडमधल्या हल शहरात जॉन लुईस यांच्या प्रयोगशाळेत तयार झालं. ते शोधत होते वेदनेवरचं, पण व्यसन लावणार नाही असं औषध. तयार होतं ते खसखशीच्या बोंडातूनच निघणाऱ्या थेबेनपासून. म्हणजे ज्या झाडानं मला मरणाच्या दारात आणलं, त्याच झाडातून ही गोळी येते. आपल्याकडे हे औषध आधी वेदनाशामक इंजेक्शन म्हणून आलं आणि काही भागांत त्याचाच नशेसाठी वापर झाला. त्या अनुभवामुळे पुढे काळजी घेतली गेली. ही गोळी गावच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, व्यसनमुक्तीच्या केंद्रातूनच मिळते. घरी न्यायच्या गोळीत नॅलोक्सोन मिसळलेलं असतं. जिभेखाली ठेवली तर ते जवळजवळ अंगात जात नाही, पण कुणी विरघळवून टोचली तर ते टर्की आणतं. ज्यांनी हे सगळं विचार करून घडवलं ते लोक मला कधी दिसणार नाहीत. त्यांचंही देणं आहेच.

मुंबईत काही वर्षं रोज केंद्रावर जाऊन गोळी घेतली. हमाली केली, मग एका गॅरेजमध्ये लागलो. पिंपळीला परतलो तेव्हा पुण्यातल्या एका केंद्रातून पंधरा-पंधरा दिवसांच्या गोळ्या घरी मिळायला लागल्या. अट एक होती. घरातल्या कुणीतरी त्या ताब्यात ठेवायच्या आणि समोर घ्यायला लावायच्या. आई थकलेली होती, दादा पहाटे पाणी द्यायला निघून जायचा. वहिनी म्हणाल्या, ‘माझ्याकडं द्या.’ बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून त्यांनी तो आपल्या ट्रंकेत घातला. रोज सकाळी चुलीपाशी पाट मांडायच्या. ‘भावजी, बसा.’ गोळी तळहातावर द्यायच्या आणि विरघळेपर्यंत भाकरी थापत तिथेच असायच्या. मी बोलू शकायचो नाही, त्यामुळे त्याच बोलायच्या. कोणत्या गाईनं किती दूध दिलं, निमगावच्या पानमळ्यावर कसला रोग पडला, कालव्याचं आवर्तन कधी सुटणार. घरात मला कुणी काही सहज सांगेल असे दिवस मी स्वतःच संपवले होते. त्या दहा मिनिटांत घर मला थोडं थोडं परत मिळत गेलं. वहिनी गोळ्या मोजायच्या, पण माझ्यासमोर कधी मोजल्या नाहीत.

आईला शेवटपर्यंत गोळीची लाज वाटायची. कुणी आलं की ती विषय बदलायची. एकदा शेजारच्या गावच्या बाई म्हणाल्या, आमच्या नात्यातल्याची गोळी सहा महिन्यांत सुटली, तुमची अजून कशी? आई गप्प झाली. वहिनी आतून म्हणाल्या, ‘तो आता कसाय?’ बाई म्हणाल्या, ‘गेला तो.’ त्यानंतर आईनं मला पुन्हा विचारलं नाही.

लग्नाचं बोलणं निघालं तेव्हा दादाचं म्हणणं होतं, आधी जमू द्या, मग सांगू. वहिनींनी ऐकलं नाही. बघायच्या कार्यक्रमाआधी त्या स्वतः मुलीकडे गेल्या आणि सुईपासून गोळीपर्यंत सगळं सांगून आल्या. दोन ठिकाणी नकार आला. तिसरीकडची मुलगी अंगणवाडी सेविका होती, पहिला नवरा दारूनं गेलेला. तिनं मामांसमोर मला विचारलं, ‘गोळी चुकवता का कधी?’ मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, ‘मग माझी हरकत नाही.’ आमचा मुलगा आता शाळेत जातो.

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे सगळं बंद झालं. एप्रिलमध्ये बारामतीत भिलवाडा पॅटर्नची कडक टाळेबंदी लागू झाली, घराबाहेर पडायची सोय राहिली नाही. गोळ्या संपत आल्या. केंद्रं तेव्हा जास्त दिवसांची औषधं द्यायला तयार झाली होती, पण पुण्याला जायचं कसं? वहिनींचा भाऊ हडपसरला असतो. त्यानं केंद्रात जाऊन आमचे कागद दाखवले आणि गोळ्या घेतल्या. पुण्याहून परतणाऱ्या दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर त्या आणायला राजी झाला. वाटेत पोलिसांनी अडवू नये म्हणून आमच्या पोलीस पाटलांनी पत्र लिहून दिलं. त्यात त्यांनी ‘जीवनावश्यक औषध’ असं लिहिलं. त्याच पाटलांनी पूर्वी मला गावाच्या चावडीवर बसवून ठेवलं होतं, आणि तेही तेव्हा योग्यच होतं. पाटील, ड्रायव्हर, वहिनींचा भाऊ, यांपैकी कुणी एक जण जरी ‘कशाला पाहिजे ती नशेची गोळी’ म्हणाला असता तर मी पुन्हा कुठे गेलो असतो सांगता येत नाही.

सुयांनी मला हिपॅटायटिस सी दिला होता. तो २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून, तीन महिने फुकट मिळालेल्या गोळ्यांनी बरा झाला. गोळीवर स्थिर होतो म्हणून ते औषध एकही दिवस न चुकता घेऊ शकलो. आता माझा ब्युप्रेनॉर्फिनचा डोस पहिल्यापेक्षा बराच कमी आहे. डॉक्टर म्हणतात, इच्छा असेल तर फार सावकाश आणखी कमी करून बघू, नसेल तर राहू दे. मला घाई नाही.

मागच्या वर्षी पुण्यात वहिनींचा गुडघा बदलला. घरी सोडताना दिलेल्या कागदावर पॅरासिटामॉलबरोबर ट्रॅमाडॉल लिहिलेलं होतं. तेही अफूच्याच गोतातलं वेदनाशामक आहे, आणि २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. केंद्रातल्या घरच्यांच्या बैठकांमुळे वहिनींना हे नाव ओळखीचं होतं. त्यांनी दादाला ती गोळी विकत घेऊच दिली नाही. पिंपळीला आल्यावर दोन रात्री त्यांच्या खोलीतून कण्हणं ऐकू येत होतं. फिजिओथेरपीवाल्या बाई पाय वाकवायच्या तेव्हा वहिनी पदर तोंडात धरायच्या. तिसऱ्या दिवशी मी तो कागद पाहिला आणि सगळं लक्षात आलं.

मी म्हटलं, ‘वहिनी, माझ्यापायी तुम्ही दुखणं काढू नका. माझी गोळी चालू आहे, ती दुसऱ्या गोळीला बसायला जागाच देत नाही.’

‘ठाव हाय मला, भावजी,’ त्या म्हणाल्या. ‘पर घरात नगं.’

माझ्यावर झालेल्या सगळ्या उपकारांत मला हा सगळ्यात जड वाटतो. त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता असं नाही. विश्वास असूनही माझ्या वाटेत एवढासाही खडा नको म्हणून त्या कापलेला गुडघा घेऊन तळमळत राहिल्या. मी त्यांच्या डॉक्टरांना फोन करून सगळं खरं सांगितलं. त्यांनी आठवडाभराच्याच गोळ्या लिहून दिल्या आणि त्या घरात ठेवू नका म्हणाले. शेजारच्या काकूंनी त्या आपल्या देव्हाऱ्याच्या फडताळात ठेवल्या. रोज रात्री माझी बायको तिथून एकच गोळी आणायची आणि वहिनींनी ती पाण्याबरोबर घेईपर्यंत समोर उभी राहायची. आठवड्यानं वहिनी काठी टेकत अंगणापर्यंत आल्या. आता डेअरीला दूध घालायला स्वतः जातात. दुसरा गुडघा दिवाळीनंतर करायचा आहे. तेव्हाच्या गोळ्यांचं काकूंशी आधीच बोलून ठेवलं आहे.